पट एक, तरी शाळा हवी

जानेवारी 2023 मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, आणि हजेरीपटावर एकच नाव. शिक्षकही एकच, रोज बारा किलोमीटरवरून येणारे. एका मुलासाठी कुलूप उघडायचं, राष्ट्रगीत म्हणायचं, सगळे विषय शिकवायचे, सरकारी योजनेतला आहार द्यायचा, असा त्या शाळेचा दिवस. बातमी वाचून कित्येकांना त्या शिक्षकाचं कौतुक वाटलं. कित्येकांच्या मनात मात्र लगेच हिशेब सुरू झाला: एका पोरासाठी एक पगार, एक इमारत, एक स्वयंपाक. परवडतं का हे सरकारला?

हा हिशेब चहाच्या टपरीपुरता राहिलेला नाही, त्याचं धोरण झालं आहे. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय राज्याने जाहीर केला. 2022 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवण्यात आली. अशा 14,783 शाळा निघाल्या. त्यांत 1 लाख 85 हजारांवर मुलं आणि 29,707 शिक्षक. 21 सप्टेंबर 2023 रोजी शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्या-जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत मिसळायच्या, मुलांना वाहनाने तिथे न्यायचं. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत पुढे ठेवलं गेलं.

या धोरणाच्या बाजूने बोलणारे सगळे गरिबांच्या शिक्षणाचे वैरी आहेत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांतले कित्येक जण प्रामाणिकपणे मानतात की मोठी शाळा ही चांगली शाळा, आणि विखुरलेला पैसा एकत्र केला तर प्रत्येक मुलाला अधिक मिळेल. म्हणूनच त्यांचा एकेक मुद्दा नीट तपासायला हवा. तपासल्यावर त्यातला एकही वाशिमच्या मातीत टिकत नाही.

पहिला मुद्दा पैशाचा. आकडा मोठा दिसावा म्हणून 29,707 शिक्षक 'अडकून पडले आहेत' असं सांगितलं जातं. भागाकार करून पाहावा. 14,783 शाळा आणि 29,707 शिक्षक म्हणजे शाळेमागे दोन. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या परिशिष्टाने साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. म्हणजे ज्याला उधळपट्टी म्हटलं जातं, ती कायद्याने आखलेली सगळ्यांत खालची रेघ आहे. पहिली ते चौथीचे चार वर्ग दोन माणसांनी सांभाळायचे, यात चैन कुठे आहे? गणेशपुरात तर दोनही नव्हते, एकच होता.

शिवाय दरडोई खर्चाचं माप इतर सार्वजनिक कामांना लावलं जात नाही. 11 डिसेंबर 2022 रोजी, गणेशपूरची बातमी येण्याच्या महिनाभर आधी, नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या वाशिमच्या तालुक्यांतून तो जातो. संपूर्ण रस्त्यावर 55 हजार कोटींच्या घरात खर्च झाला. त्याचं समर्थन करताना पहिल्या वर्षी किती गाड्या धावल्या यावर कोणी अडून बसलं नाही. रस्ता आधी व्हावा लागतो, वर्दळ मागून येते, हे सगळ्यांना पटलं. दूरच्या माणसाला जोडणं हे सरकारचं काम आहे, हेही पटलं. मग गावातल्या शाळेलाच आधी वर्दळ दाखवा, मग शिक्षक देतो, ही अट का?

या वादात महात्मा फुले यांची आठवण अटळ आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी नेमका पैशाचाच प्रश्न उलटा करून विचारला होता. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असं त्यांनी आकडेमोड मांडणाऱ्या राज्यकर्त्यांना सुनावलं. बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. वाशिमच्या कोरडवाहू कास्तकाराने बियाण्यापासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरला आहे. त्याच्या पोराच्या शाळेला 'अनुत्पादक' म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. तो अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. एकट्या मुलाला सवंगडी नाहीत, कबड्डीचा संघ नाही, वाद घालायला शेजारचा बाक नाही. एकच शिक्षक चार वर्गांना शिकवत असेल तर तीन वर्ग वाट पाहत बसतात. हे नुकसान खरं आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. शिक्षकाविना वर्ग कुचंबत असेल तर उत्तर शिक्षक देणं आहे. सोबत नसेल तर उत्तर सोबत मिळवून देणं आहे. शाळाच काढून घेतली की दोन्ही उणिवा तालुक्याच्या कागदावरून जातात, मुलाच्या आयुष्यातून जात नाहीत.

शिवाय बहुवर्ग अध्यापन ही काही गरिबांच्या वाट्याला आलेली नाइलाजाची गोष्ट नाही. कोलंबियाच्या डोंगराळ खेड्यांत 1970 च्या दशकाच्या मध्यापासून 'एस्क्वेला न्युएवा' ही पद्धत घडली. एका खोलीत वेगवेगळ्या वयाची मुलं, प्रत्येकाच्या गतीने पुढे जाणारे पाठ, मोठ्याने धाकट्याला शिकवणं, असा तिचा गाभा. पुढे त्या देशाने तिला राष्ट्रीय धोरणात स्थान दिलं. आपल्याकडे आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने अशाच एकशिक्षकी ग्रामीण शाळांसाठी शिक्षणसाहित्याची शिडी तयार केली आणि तमिळनाडूने तिच्यावरून आपली कृतिआधारित पद्धत उभी केली. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाचा रस्ता दाखवला, तेव्हा राज्यभरचे शिक्षक तिथे पाहायला गेले. लहान शाळेत कसं शिकवावं याचं ज्ञान उपलब्ध आहे. ते वाशिमच्या तांड्यातल्या शिक्षकापर्यंत पोचवण्याऐवजी त्याची शाळा मिटवणं हा आळसाचा मार्ग आहे.

पटावरून शाळेची लायकी ठरवणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं जालिंदरनगर पाहावं. 2022 मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत तीन मुलं उरली होती. वीसच्या निकषाने, दहाच्याही निकषाने, ती बंद होण्याच्या रांगेत पहिली उभी होती. दत्तात्रय वारे तिथे रुजू झाले, गाव पाठीशी उभं राहिलं, आणि तीनाचा पट शंभरावर गेला. 2025 मध्ये त्याच शाळेने जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळाही अशीच एका वाडीतली. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

प्रत्येक गणेशपूरचं जालिंदरनगर होईल, असा दावा इथे नाही. दीडशे वस्तीच्या गावात शंभर मुलं आणायची कुठून? मुद्दा इतकाच की पट हा शाळेचा स्वभाव नाही. तो तिच्यासोबत काय घडलं याची नोंद आहे. शिक्षक वेळेवर मिळाला नाही, छत गळत राहिलं, गाव कामासाठी बाहेर पडलं, शेजारच्या मोठ्या गावातून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारात येऊ लागली, की पट उतरतो. उतरलेल्या पटाकडे बोट दाखवून शाळा बंद करणं म्हणजे दुर्लक्षाचा दंड मुलाकडून वसूल करणं.

दुर्लक्ष हा शब्द जपूनच वापरायला हवा, पण इथे त्याला पर्याय नाही. 2012 पासून राज्यात शिक्षक भरती जवळपास थांबली. 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, त्यानंतरची थेट 2023 मध्ये. मधल्या काळात निवृत्त होणाऱ्यांच्या जागा रिकाम्या होत गेल्या. उरलेल्यांच्या हातात मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आली. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक तालुक्याच्या बैठकीला गेला की त्या दिवशी शाळा एकशिक्षकी होते. एकशिक्षकी शाळेतला गेला की शाळाच होत नाही. आई-बाप हे रोज पाहतात. ते पोराचं नाव काढून दुसरीकडे घालतात तेव्हा हौसेने घालत नाहीत.

तिसरा मुद्दा वाहनाचा. 'आम्ही बस देऊ' हे समूह शाळेचं सगळ्यांत आकर्षक वचन आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. हे अंतर सहा वर्षांच्या पोराच्या पायांचा विचार करून ठरलेलं आहे. बस आली की अंतराला अर्थ राहत नाही, असं सांगितलं जातं.

वाशिमच्या पालकांनी बसचा भरवसा अनुभवला आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. करोनानंतर ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबरला आणि पहिली ते चौथीचे 1 डिसेंबरला उघडले होते. दीड वर्षाच्या खंडानंतर शाळा उघडली आणि नेमकी लालपरी आगारात उभी राहिली. मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्याही एसटीच्याच. ज्या मुलाची शाळा गावात होती, ते चालत गेलं. ज्याची आठ-दहा किलोमीटरवर होती, ते घरी बसलं, किंवा काळीपिवळीत कोंबून गेलं. शाळेचा हक्क वाहनाला बांधला की संप, डिझेल, ठेकेदाराचं थकलेलं बिल आणि पावसाळ्यातला नाला हे सगळे त्या हक्काचे मालक होतात.

वाशिमच्या भूगोलात हा धोका वाढतो. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या पट्ट्यात बंजारा तांडे गावठाणापासून दूर, माळावर आणि नाल्यांच्या पल्याड वसलेले आहेत. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे साऱ्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. याच भागातल्या तांड्यांत शाळा पोचायला स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं लागली. नकाशावर तांडा आणि मोठं गाव यांत तीन किलोमीटर दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी आलं की ते अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. समृद्धी महामार्गाचाही इथे उपयोग नाही. त्यावर सायकल, बैलगाडी, दुचाकी यांना प्रवेश नाही. शाळेच्या वाटेवर तो आला तर पलीकडे जायला भुयारी मार्ग शोधावा लागतो.

घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या मुलासाठी शाळेतली मराठी ही दुसरी भाषा असते. तांड्यातल्या शाळेचा शिक्षक दोन-तीन वर्षांत ती बोली ऐकून ऐकून शिकतो, मुलाच्या आईला नावानिशी ओळखतो. शेकडो मुलांच्या शाळेत तेच मूल मागच्या बाकावर मुकं होऊन बसण्याचा धोका असतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. तांड्यातली मजूर बाई सोंगणीच्या दिवसांत रोजंदारी बुडवून आठ किलोमीटरवरच्या बैठकीला जाईल, असं धोरण आखणाऱ्यांना खरोखर वाटतं का? शाळा दूर गेली की शाळेवरचा तिचा अधिकार कागदावर राहतो.

चीनने हा प्रयोग आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर केला. 2001 पासून खेड्यातल्या छोट्या शाळा मिटवून मोठ्या शाळा करण्याची मोहीम निघाली. 2000 मध्ये तिथे सुमारे 4 लाख 40 हजार ग्रामीण प्राथमिक शाळा होत्या, 2010 पर्यंत त्या निम्म्याहून कमी उरल्या. मुलं लांबच्या प्रवासाला किंवा वसतिगृहांना जुंपली गेली. नोव्हेंबर 2011 मध्ये गान्सू प्रांतात नऊ आसनांच्या गाडीत साठाहून अधिक जण, बहुतेक बालवाडीची मुलं, कोंबून नेली जात होती. ती गाडी ट्रकला धडकली आणि वीसच्या आसपास जीव गेले. लहानग्यांना रोज किती लांब आणि कसं नेलं जातं हा प्रश्न त्या अपघाताने साऱ्या देशापुढे आणला. 2012 मध्ये चीनच्या केंद्र सरकारने शाळा आंधळेपणाने मिटवण्याला लगाम घातला. दहा वर्षांची चूक कबूल करायला एका बलाढ्य राज्याला इतकी किंमत मोजावी लागली. महाराष्ट्राने ती पुन्हा मोजण्याचं कारण नाही.

चौथा मुद्दा पालकांच्या निवडीचा. 'लोकांनाच सरकारी शाळा नकोय, ते पोरं खासगीत घालतात, मग रिकाम्या इमारती कशाला राखायच्या?' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी राज्य शासनाची दोन पावलं शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. सप्टेंबर 2023 मध्ये सरकार म्हणालं की छोट्या सरकारी शाळा मिटवून एकत्र करू. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 9 फेब्रुवारी 2024 रोजी, सरकारने अधिसूचना काढली की ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला वंचित घटकांसाठीच्या 25 टक्के जागांमधून सूट. म्हणजे खासगी शाळेचं दार लावताना सरकारी शाळा जवळ आहे हे कारण, आणि सरकारी शाळेचं दार लावताना तिच्यात मुलं नाहीत हे कारण. दोन्ही दारांबाहेर उभं राहतं ते एकच मूल.

मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2024 रोजी त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. न्यायालयाने शहरातल्या मुलाचं दार उघडं ठेवलं. पण ज्या तांड्याच्या पंचक्रोशीत विनाअनुदानित शाळाच नाही, तिथे 25 टक्क्यांचा अर्थ शून्य होतो. तिथे समान संधीचं एकच रूप आहे, ते म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. तिला हात लावला तर दाद मागायला दुसरं दारही उरत नाही.

त्याच काळात, 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं द्यायची याचे, निकष बदलले. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच उरू नये, अशी त्यातली तरतूद. कायद्याचं परिशिष्ट मात्र उच्च प्राथमिक स्तरावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक मागतं. पद गेलं की वर्ग जातो. वर्ग गेला की अकरा-बारा वर्षांच्या मुलीने दुसऱ्या गावी जायचं की घरी राहायचं, हा निर्णय तिच्या घरात होतो, आणि तो कोणत्या बाजूला होतो हे सांगायला पाहणीची गरज नाही. शाळा बंद झाल्याची घोषणाही करावी लागत नाही.

इथे वाशिमबाबत आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. जानेवारी 2018 मध्ये निती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम निवडले गेले. गुणांकनात शिक्षणाला 30 टक्के वजन आहे. त्यात विद्यार्थी-शिक्षक प्रमाण पाळणाऱ्या शाळांची टक्केवारी येते, मुलींची स्वच्छतागृहं असलेल्या शाळांची टक्केवारी येते. या टक्केवारीत धोका दडलेला आहे. एकशिक्षकी, गळक्या छताची, स्वच्छतागृह नसलेली शाळा बंद केली तर ती छेदातून निघून जाते आणि जिल्ह्याची टक्केवारी सुधारते. एकाही मुलाला काही न मिळता सुधारते. मागास ठरवलेल्या जिल्ह्यात शाळा मिटवून प्रगती दिसू शकते, हे लक्षात ठेवल्याशिवाय वाशिमच्या कोणत्याही शैक्षणिक आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

आकड्यांना पद आणि पैसा बांधला की काय होतं, याचा धडाही महाराष्ट्राने घेतला आहे. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 रोजी राज्यभर पटपडताळणी झाली. नांदेडमध्ये बोगस पट उघड झाल्यानंतरची ती मोहीम. हजेरीपटावरचे सुमारे 20 लाख विद्यार्थी त्या दिवसांत शाळेत आढळलेच नाहीत. पटावर अनुदान आणि तुकड्या मिळत होत्या, म्हणून खोटा पट फुगत गेला. गणेशपूरच्या शाळेने आपला पट एक आहे असं प्रामाणिकपणे लिहिलं. त्या प्रामाणिकपणाचं फळ म्हणून शाळा जाणार असेल, तर उद्या किती मुख्याध्यापक खरा आकडा लिहितील?

समान संधीची कल्पना महाराष्ट्राला बाहेरून शिकावी लागलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. शाहूंनीही शाळा बंद केल्या होत्या, पण त्या भेद संपवण्यासाठी, आणि बंद करताना शेजारच्या शाळेचं दार आधी उघडून. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. 1966 च्या त्या अहवालाने परिसरातल्या सर्व मुलांसाठी एकच समान शाळा ही कल्पना देशापुढे मांडली आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करायला सांगितलं. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या माध्यमातून शेतकऱ्यांच्या पोरांपर्यंत शाळा नेल्या. शाळा मुलाकडे जाते, ही या प्रांताची परंपरा आहे. समूह शाळेचं धोरण तिची दिशा उलटी करतं.

मग छोट्या शाळा आहेत तशाच सडू द्यायच्या का? मुळीच नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं जिल्हा परिषदेच्या हातात आहे.

सोबतीचा प्रश्न घ्या. एका केंद्रातल्या चार-पाच छोट्या शाळांची मुलं आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत एकत्र आणता येतात. खेळ, प्रयोग, गाणी, वाचनालय, नाटक हे सगळं त्या दिवशी. वाहन आठवड्यातून एकदा चुकलं तर एक दिवस बुडतो, रोजचं शिक्षण बुडत नाही. समूह शाळेच्या समर्थकांना जे सामूहिक वातावरण हवं आहे, ते याने मिळतं आणि गावातली शाळाही राहते.

स्थलांतराचा प्रश्न याहून अवघड. सोयाबीनची सोंगणी आटोपली की जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे, पण ते गाड्या भरण्याआधी सुरू झालं तरच मूल मागे राहतं. ऑक्टोबरमध्येच वसतिगृह उघडायचं आणि स्थलांतरित मुलाचं नाव पटावरून न कापता त्याच्या शिक्षण हमी पत्रकाचा पाठपुरावा करायचा, ही दोन कामं झाली तर कित्येक शाळांचा 'कमी पट' हंगामी आहे हे दिसून येईल. शाळांची यू-डायस ही सरकारी माहिती एका ठरावीक तारखेवर घेतली जाते. गावाचं वर्ष मात्र पेरणी आणि सोंगणीवर चालतं.

शाळा विलीन करूच नये असंही नाही. एखाद्या वस्तीत सलग तीन वर्षं शाळेच्या वयाचं एकही मूल नसेल, किंवा ग्रामसभा आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघींनी लेखी ठरावाने शेजारची शाळा पसंत केली असेल, तर विलीनीकरण रास्त आहे. पण तो ठराव आधी आणि आदेश नंतर असायला हवा. अंतर उपग्रहाच्या नकाशावर नव्हे, पावसाळ्यात पायवाटेने चालून मोजायला हवं. वस्तीत पुन्हा मुलं आली तर शाळा पुन्हा सुरू होईल, हे त्याच आदेशात लिहायला हवं. आणि जोवर एक मूल आहे, तोवर दोन शिक्षकांची पदं पटाकडे न पाहता मंजूर असायला हवीत. सहावी ते आठवीचं शून्य शिक्षकाचं सूत्र तर बिनशर्त मागे घ्यायला हवं.

शेवटची मागणी हिशेबाचीच आहे, कारण या वादाची सुरुवात हिशेबाने झाली. 2017 पासून कमी पटाच्या नावाखाली बंद किंवा विलीन झालेल्या प्रत्येक शाळेतलं प्रत्येक मूल पुढच्या वर्षी कुठे होतं, हे सरकारला सांगता यायला हवं. 2015 पासून राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद 'सरल' प्रणालीत आहे. त्यामुळे माहिती नाही ही सबब चालणार नाही. त्या मुलांपैकी किती जणांनी नव्या शाळेत नाव घातलं, किती जण आठवीपर्यंत पोचले, त्यांत मुली किती, तांड्यातली किती, हे राज्याने जाहीर करावं. वाशिम जिल्हा परिषदेने राज्याची वाट न पाहता आपल्या सहा तालुक्यांची यादी तयार करावी आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत गावोगाव वाचून दाखवावी. ती यादी गावासमोर येईपर्यंत जिल्ह्यातल्या एकाही शाळेच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव मुंबई-पुण्याकडे जाऊ नये.